डोंगरावरच्या गावांचे पाणी

इटलीहून परत आल्यावर नवी पेठेत भेटलेल्या प्रत्येकाने रोमचे कलोसियम आणि व्हेनिसच्या नावा यांविषयी विचारले आणि मी मात्र विहिरींविषयी बोलत राहिलो. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार यावर जिथे पाहुण्यांना बोलावण्याचा वार ठरतो, त्या सोलापुरात सगळे आयुष्य काढलेल्या माणसाला टेकडीच्या माथ्यावर दाटीने वसलेले सात-आठशे वर्षांपूर्वीचे गाव दिसले की, पहिली शंका हीच येते की एवढी माणसे पाणी कोठून आणत होती. तोस्काना आणि उंब्रिया या दोन प्रांतांतली आमची नऊ दिवसांची भटकंती पुढे या एकाच शंकेच्या मागे गेली आणि सौभाग्यवतींनी ती बऱ्यापैकी सहन केली.

सिएना हे शहर टेकड्यांवर वसलेले आहे आणि त्याला नदी नाही. शिंपल्यासारखा उतरता असलेला तिथला कांपो चौक, त्याचे विटांचे नऊ भाग आणि खालच्या कडेचा ८८ मीटर उंचीचा मांजा मनोरा पाहण्यासाठी लोक जातात, तसे आम्हीही गेलो. परंतु मला खिळवून ठेवले ते चौकाच्या वरच्या कडेला असलेल्या फोंते गाया या कारंज्याने. ‘गाया’ म्हणजे आनंदी. चौदाव्या शतकात या उंचीवर पहिल्यांदा पाणी खेळले तेव्हा गावाला जो आनंद झाला, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात आणि त्या आनंदाचा अर्थ आम्हा सोलापूरकरांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हे पाणी ‘बोत्तिनी’ नावाच्या भुयारांतून येत असे. शहराच्या खाली आणि आसपासच्या शिवारात मऊ दगड खोदून सुमारे २५ किलोमीटर लांबीची ही भुयारे काढलेली आहेत आणि त्यांना उतार इतका बेताचा दिला आहे की पाणी आपल्या वजनाने संथपणे शहरापर्यंत पोहोचावे. आपल्या पायाखाली दियाना नावाची एक गुप्त नदी वाहते, अशी सिएनावासीयांची पक्की समजूत होती. तिच्या शोधापायी त्यांनी पैसा घातला आणि शेजारच्या फ्लॉरेन्सवाल्यांची थट्टाही ओढवून घेतली. भुयारे आतून पाहण्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. मी ती केली नव्हती, त्यामुळे ती पाहायची राहिली. जाणाऱ्यांनी ही चूक करू नये.

मात्र उतारावरून खाली फोंतेब्रांदापर्यंत आम्ही चालत गेलो. तीन कमानींचा हा जुना पाणवठा विटांचा आहे. सिएनाच्या अशा पाणवठ्यांची रचना मला फार शहाणपणाची वाटली: पहिल्या हौदातले पाणी पिण्यासाठी, त्यातून ओसंडलेले जनावरांसाठी आणि शेवटच्या हौदातले धुण्यासाठी. त्याच्याही खाली कातडी कमावणाऱ्यांचा आणि रंगाऱ्यांचा धंदा चाले. १३४७ मध्ये जन्मलेली संत कॅथरीन ही इथल्याच एका रंगाऱ्याची मुलगी आणि तिचे घर इथून चार पावलांवर आहे. आमच्या पूर्व भागात सूत रंगवणाऱ्यांच्या घरांतून वाढलेली मुले मी पाहिली आहेत, त्यामुळे ते घर मला संताच्या घरापेक्षा रंगाऱ्याचे घर म्हणूनच अधिक जवळचे वाटले.

सिएनातल्या पालिओ या घोडशर्यतीविषयी सगळेच लिहितात, म्हणून मी एकच गोष्ट सांगतो. शहरात १७ मोहल्ले आहेत, त्यांना ‘कोंत्रादा’ म्हणतात आणि प्रत्येकाचे स्वतःचे लहानसे कारंजे असते. मोहल्ल्यात जन्मलेल्या मुलाला त्याच कारंज्याच्या पाण्याने विधिपूर्वक मोहल्ल्याचा सदस्य करून घेतात. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, सात नंदीध्वजांचे मान जितक्या काटेकोरपणे पाळले जातात, तितक्याच काटेकोरपणे तिथे हे सारे चालते.

एक गंमत सांगितली पाहिजे. या गावांत हॉटेलात जेवायला बसले की पाण्याची बाटली विकत घ्यावी लागते आणि बाहेर चौकातल्या नळाला तेच पिण्याचे पाणी चोवीस तास फुकट असते. तिसऱ्या दिवसापासून आम्ही चौकातच बसू लागलो. तोस्कानातल्या पावात मीठ घालत नाहीत, ही उणीव घरून नेलेल्या शेंगाचटणीने पुरेपूर भरून काढली.

सान जिमिन्यानो हे मनोऱ्यांचे गाव आहे. श्रीमंत घराण्यांनी चढाओढीने बांधलेल्या सुमारे ७२ मनोऱ्यांपैकी आज १४ उभे आहेत आणि दुपारी त्यांच्या सावलीत पाय ठेवायला जागा नसते. गर्दी मनोऱ्यांचे फोटो काढत असताना मी पियाझ्झा देल्ला चिस्तेर्ना या चौकाच्या मधोमध असलेल्या १२७३ सालच्या आडापाशी थांबलो. त्याच्या अष्टकोनी दगडी काठावर दोरांनी पाडलेल्या खाचा आहेत, काही बोटभर खोल, काही त्याहून जास्त. मोहोळ तालुक्यातल्या माझ्या आजोळच्या आडाला अशाच खाचा होत्या आणि त्यांतल्या एका खाचेत आजी नेहमी आपला दोर टाकत असे, कारण ती तिच्या उंचीला सोयीची होती. मी हात फिरवून पाहिला. दगड आतून तितकाच गुळगुळीत लागला.

शेवटचा मुक्काम ऑर्व्हिएतोला होता. हे गाव ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाच्या उभ्या कड्यावर आहे. खालच्या रेल्वे स्थानकापासून वर नेणारी दोरखंडाची गाडी १८८८ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती पाण्याच्या वजनावर चालत असे. वर उतरताच शेजारी पोझ्झो दी सान पात्रिझियो ही विहीर आहे. १५२७ मध्ये रोम लुटले गेल्यावर पोप सातवे क्लेमेंट इथे आश्रयाला आले आणि वेढा पडला तर पाण्यावाचून शरण जावे लागू नये, म्हणून त्यांनी आंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुविशारदाकडून ती खोदायला घेतली. ती १५३७ मध्ये पुरी झाली, तेव्हा क्लेमेंट हयात नव्हते.

विहीर सुमारे ५३ मीटर खोल आहे आणि तिच्याभोवती एकमेकांत गुंतलेले, पण कोठेही न मिळणारे दोन गोल जिने आहेत, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. एका दाराने रिकामी खेचरे उतरत, तळाच्या लहान पुलावरून पलीकडे जात आणि भरलेल्या भांड्यांसह दुसऱ्या जिन्याने वर येत, त्यामुळे चढणाऱ्याला उतरणारा कधी आडवा येत नसे. पायऱ्या खेचराच्या पावलांना बेतलेल्या, म्हणजे ठेंगण्या आणि रुंद आहेत. मधल्या पोकळीकडे उघडणाऱ्या खिडक्यांतून वरचा उजेड आत येतो, परंतु जसजसे उतरावे तसतसा तो हिरवट होत जातो आणि गारवा अंगाला लागतो. माझ्या पुढे गेलेली बायको मला समोरच्या खिडकीत दिसली, मी हात केला, तिनेही केला. पण आम्ही दोघे एकाच जिन्यावर होतो, हे लक्षात यायला थोडा वेळ गेला.

इटालियन भाषेत कधीच न आटणाऱ्या गोष्टीला ‘संत पात्रिझियोची विहीर’ म्हणतात. आपल्याकडे आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे म्हणतात. मी ही म्हण बायकोला तळाच्या पुलावर ऐकवली. तिने आधी वर पाहिले, मग पायऱ्यांकडे पाहिले आणि खेचरे अजून मिळतात का, एवढेच विचारले.