मोठ्या आईचा अंगठा

तालुक्याच्या गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. डिजिटल सहीचा सातबारा काढायला सरकारी फी १५ रुपये. अर्ध्या तालुक्याचे सातबारे माझ्या प्रिंटरमधून गेले, पण सख्ख्या मोठ्या आईचा दोन वर्षं काढला नव्हता.

जून २०१९ मध्ये पीककर्जासाठी तिनं तो मागितला. १.२१ हेक्टर, म्हणजे आपले तीन एकर. तिच्या नावाला कंस, म्हणजे नाव कमी झालेलं, आणि खाली भलत्याच माणसाचं नाव. मला वाटलं गट नंबर चुकला. पुन्हा काढला. तोच.

मोठी आई लेकीकडे अमरावतीला राहते, वावर मक्त्यानं, म्हणजे ठरीव पैशावर कसायला दिलेलं. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याच्या नोंदीची नोटीस गावातल्या बंद घराच्या पत्त्यावर निघाली असणार. हरकत घ्यायला होतं कोण?

खरेदीखताची नक्कल आणली. फोटोत डोक्यावर पदर घेतलेली एक अनोळखी बाई. खाली अंगठा. तो पाहूनच मोठी आई भडकली, "मी काय अंगठाछाप हावो का?" नव्वदच्या दशकात साक्षरता वर्गात ती सही शिकली. नावातला 'श' अजूनही पोट फुगल्यासारखा येतो, पण पोळ्याच्या वर्गणीच्या वहीतसुद्धा ती सहीच करते.

मग सुरू झाल्या चकरा. तलाठी म्हणाले, दस्त नोंदणीकृत आहे, आम्ही फक्त नोंद घेतो. नोंदणी कार्यालयात सांगितलं, एकदा नोंदलेला दस्त रद्द करायचा अधिकार आम्हाला नाही. मला ही टोलवाटोलवी वाटली. वकिलांनी समजावलं की नोंदणीवाले खरंच बोलतात. सत्यपाल आनंद खटल्यात २०१६ साली सुप्रीम कोर्टानं तेच म्हटलं आहे: नोंदणी झाल्यावर दस्त रद्द करणं निबंधकाच्या हातात नाही, दिवाणी कोर्टात जा. फौजदारी तक्रार आम्ही केलीच, पण त्यानं फार तर माणूस आत जातो, खरेदीखत जागचं हलत नाही. एसडीओकडचं (उपविभागीय अधिकाऱ्याकडचं) अपीलही फेरफारापुरतंच.

वकिलांचा पहिला प्रश्न होता, "सही यांची आहे का?" मला तो वेडगळ वाटला. पण सगळी मेख तिथंच. स्वतः सही केली आणि ती फसवून घेतलेली असेल, तर दस्त रद्द करून मागायचा. सहीच आपली नसेल, तर हा दस्त मुळातच पोकळ आहे, मला बंधनकारक नाही, असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचं. २०१० च्या सुहृद सिंग निकालात हा फरक सांगितला आहे, आणि त्यावर कोर्ट फीसुद्धा बदलते. आम्ही जाहीर करून मागितलं, सोबत रद्द करण्याचीही मागणी आणि मनाई हुकूम. दस्त रद्द करून मागायला मुदत तीन वर्षं, फसवणूक कळल्यापासून. कळल्याचा पुरावा काय? माझ्याच दुकानातला सातबारा, त्यावर छापलेली तारीख. तो मी लॅमिनेट करणार होतो, वकील ओरडले.

जमीन ताब्यात होती, एवढं एक बरं. मक्तेदार पऱ्हाटी वेचतच होता. नाहीतर ताबाही मागावा लागला असता.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. तारखा, कोरोना, पुन्हा तारखा. अंगठा तज्ज्ञाकडे गेला, जुळला नाही. बाईला ओळखतो म्हणून दस्तावर सही ठोकणारे दोघे साक्षीदार, एक आलाच नाही, दुसरा म्हणाला, "मी चहा प्यायला गेलतो, सही कर म्हणले, केली."

गेल्या वर्षी निकाल आमच्या बाजूनं लागला. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे कोर्ट हुकूमनाम्याची प्रत नोंदणी कार्यालयाला पाठवतं, आणि तिथल्या नकलेवर दस्त रद्द झाल्याची नोंद होते. ती बघायला मोठी आई हट्टानं आली.

"फाडून नाई टाकत का?" तिनं विचारलं.

"नाही आजी, रेकॉर्ड आहे," तिथला बाबू म्हणाला.

"मंग थो इथंच राहीन?"

बाबूनं मान हलवली. ती बराच वेळ त्या बाईच्या फोटोकडे पाहत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "लुगडं बरं नेसली होती."

आता सातबाऱ्यावर नाव परत यायला नवा फेरफार टाकला आहे. हरकतीची मुदत चालू आहे. रोज सकाळी सातला अमरावतीहून फोन येतो, "आला काय रे कोणी?"