भंगारातून कोंबडा, हत्ती आणि मोर: आमची वाटचाल

आमचं मूळ काम गेट, ग्रील आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं. पुणे–बेंगळुरू महामार्गालगतच्या एका ढाब्यानं दारात उभा करायला लोखंडी कोंबडा मागितला आणि भंगारातल्या शिल्पांचं काम सुरू झालं. आता मोर, हत्ती, नंदी यांची मागणी शाळा आणि कृषी पर्यटन केंद्रांकडूनही येते.

रस्त्याकडेच्या शिल्पात आधी गाड्यांचा वेग लक्षात घ्यावा लागतो. ताशी 80 किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. शंभर मीटरवरून दिसलेला कोंबडा साडेचार सेकंदांत मागं पडतो. म्हणून फरशीवर खडूनं पूर्ण मापाचा आकार काढतो. तुरा, चोच आणि शेपूट लांबून ओळखता आली, तरच वेल्डिंगचा पहिला टाका मारायचा.

तुऱ्याला मोटरसायकलचं अर्धं कापलेलं चेन स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक), मानेला साखळी, पंखांना कडबाकुट्टीची पाती, शेपटीला विळे. हत्तीच्या कानांना जुन्या स्कूटरचं मडगार्ड लागतं, मोराच्या पिसाऱ्याच्या कमानीला बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव. जवळ आलेल्या माणसाला हे सगळं ओळखू यायला हवं, त्यातच या कामाचा जीव आहे. पुट्टी भरून गुळगुळीत करून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही नाही म्हणतो.

भंगार निवडताना पेट्रोलच्या आणि गॅसच्या टाक्या घेत नाही. सीलबंद शॉकअब्सॉर्बरला वेल्डिंगची आच लागली तर तो फुटतो, तोही नको. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर दोन-दोन इंच घासून काढायचा, नाहीतर त्या धुरानं वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो.

सर्वांत जास्त दगा देतात ट्रकचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या. त्यात कार्बन जास्त. थंड पाट्यावर साधा 6013 नंबरचा वेल्डिंग रॉड चालवला, तर टाका शाबूत राहतो आणि शेजारचा पाटा तडकतो, कधी दुसऱ्या दिवशी. पाटा 250 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, भट्टीत वाळवलेला 7018 रॉड वापरायचा आणि सांधा कोरड्या राखेत हळूहळू निवू द्यायचा. शिल्पाच्या डोळ्याला लावतो ते बेअरिंगही कडक पोलादाचं, तेही तडकतं. म्हणून ते वेल्ड न करता वॉशरच्या वाटीत अडकवतो.

पावसाळ्यात खरा त्रास एकावर एक आलेल्या पत्र्यांचा. मधल्या फटीत पाणी शिरतं, गंज फुगतो आणि टाके उचकटतो. एक तर कडेनं सलग वेल्ड, नाहीतर बोटभर मोकळी जागा. पोकळ पोटाला सर्वांत खालच्या जागी 8 एमएमची भोकं पाडतो. वेल्डवरची खपली (स्लॅग) पूर्ण झाडल्याशिवाय प्रायमर नाही. ती राहिली की रंग तिथूनच सुटतो. इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर इनॅमल.

सहा फुटी कोंबड्याला 10 एमएमची बेसप्लेट, 16 एमएमचे चार फाउंडेशन बोल्ट, दोन फूट खोल खड्डा आणि एम 20 प्रतीचं काँक्रीट. चौथरा जमिनीपासून सहा इंच वर. आठवडाभर पाणी मारल्यावरच शिल्प चढवतो आणि नटांना टाका मारतो, कारण नट चोरीला जातात. मुलांच्या हाताला लागणारी प्रत्येक धार ग्राइंडरनं मारूनच शिल्प बाहेर पडतं. वाऱ्यावर फिरणारा पिसारा हवा असेल, तर दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं 6204 नंबरचं बेअरिंग घालतो. उघड्या बेअरिंगमध्ये धूळ बसून पिसारा अडकतो.

भाव किलोवर सांगत नाही. भंगार स्वस्तच असतं. पैसे लागतात ते निवडायला, घासायला आणि जुळवायला. दिवाळीच्या आधी येऊन गंज खरवडून रंगाचा हात देणं त्याच किमतीत धरलेलं असतं.