तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या शेजाऱ्यांसाठी काय करायचं?

"शेजारी परदेशातून एक कुटुंब राहायला आलंय. त्यांना परकं वाटू नये म्हणून आम्ही काय करू?" मी स्थलांतरितांबरोबर काम करते हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर ऐकून काहींचा विरस होतो: त्यांच्याकडे काहीतरी मागा.

सुरुवातीला मदत लागतेच. कचरा कुठल्या दिवशी नेतात, टपालात आलेलं कुठलं पत्र सरकारी आणि कुठली नुसती जाहिरात, ताप आला तर कुठे जायचं, हे कुणीतरी सांगावं लागतं. पण "काही लागलं तर सांगा" म्हणून निघून येऊ नका. काय मागता येतं हेच नवख्या माणसाला ठाऊक नसतं, वर संकोच असतोच. त्यापेक्षा "शनिवारी सकाळी वाचनालयात चाललेय, येता का?" असं विचारा. आणि आईच्या दुखण्याचं भाषांतर शाळकरी मुलीकडून करून घेऊ नका. दवाखान्यात दुभाषी मिळतो का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी तो फोनवरही मिळतो.

खरी अडचण पुढे येते. देणारे कायम देत राहतात, घेणारा घेत राहतो, आणि वर्ष उलटलं तरी तो पाहुणाच असतो. पूर्वग्रह कशाने कमी होतात यावर मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये लिहिलं. नुसत्या भेटीगाठी पुरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंचा दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते मिळून गाठायला हवं आणि त्याला वरिष्ठांचं पाठबळ हवं. आपले स्वागत समारंभ पहिल्याच अटीत नापास होतात. एक गट जेवण वाढतो, दुसरा खुर्चीत बसून आभार मानतो, मग फोटो. (फोटो मात्र सगळ्यांना हवे असतात.) तेच माणूस शाळेच्या पालक समितीत हिशेब सांभाळू लागलं, तुमच्या मुलाला गणित शिकवू लागलं की बोलणं आपोआप बदलतं.

नोकरीचंही असंच. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा 1973 चा लेख या बाबतीत फार उपयोगी आहे. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी बहुतेकांना ती खबर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. जवळच्यांना साधारण आपल्याइतकंच माहीत असतं. म्हणून एका जीव लावणाऱ्या मदतनीसापेक्षा दहा जुजबी ओळखी जास्त कामाच्या. सगळं स्वतःच करणारा उत्साही मदतनीस कधीकधी आडवाच येतो.

कॅनडात 1979 पासून साधे नागरिकही निर्वासित कुटुंबाची साधारण वर्षभराची जबाबदारी घेत आले आहेत. अगदी पाच जण मिळूनही ती घेता यायची, पण अशा गटांचे नवे अर्ज 2024 च्या अखेरीस थांबवले गेले. 1979-80 मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून तिथे सुमारे 60,000 निर्वासित आले. निम्म्याहून अधिक अशा खासगी पुढाकारातून. पैशांचा भार वाटला जातो हे आहेच, पण मला त्यातलं मोल वेगळं वाटतं: कुटुंबाला पहिल्या दिवसापासून पाच घरं आणि त्या पाच घरांचा गोतावळा मिळतो.

"आम्ही बोलावलं, ते आलेच नाहीत," अशी तक्रारही ऐकते. दोन-दोन पाळ्या करणाऱ्या माणसाला झोप हवी असते. किंवा त्यांना तुमच्याशी मैत्री करायचीच नसेल. तोही त्यांचा हक्क. रागावू नका. महिन्याभराने पुन्हा एकदा विचारा.