रक्त थांबलं, पू थांबला नव्हता

काका ५८ वर्षांचे, मधुमेहाला १२ वर्षं झालेली. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "डॉक्टर, दोन महिने तिळाच्या तेलाच्या गुळण्या करतोय. हिरडीतून रक्त यायचं थांबलं. ही एक दाढ तेवढी हलतेय."

हिरड्या खरंच गुलाबी होत्या. दाढेच्या कडेने प्रोब, म्हणजे खोली मोजायची बारीक सळई, अलगद आत सोडला, तर ७ मिमी. निरोगी हिरडीत दात आणि हिरडीमधली ही फट ३ मिमीपर्यंत असते. बाहेरून बोटाने दाबलं आणि पिवळट पू वर आला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ९.१ टक्के.

तेलाने त्याचं काम केलं होतं. चमचाभर तेल १५ मिनिटं खळखळवलं की लाळेत मिसळून पांढरं, पातळ होतं, दातावरचा मऊ थर कमी व्हायला मदत होते, वरवरची सूज उतरते. पण ते फटीच्या तळाशी पोचत नाही, आणि मुळाला चिकटलेलं कडक किटण कुठल्याच गुळणीने सुटत नाही. काकांना वेळेत कळणारी एकच खूण होती, रक्त. तीच गेली आणि खाली हाड झिजत राहिलं. हे माझ्या मनातून जात नाही.

आमच्यातले काही जण तेलाचं नाव काढलं की हसतात. पेशंट दुखावतो, तेल चालू ठेवतो आणि दवाखाना सोडतो. फार चुकीचं आहे हे.

मला काळजी वाटली ती वेळेची. काका उठल्याउठल्या ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घ्यायचे, मग गुळण्या, अंघोळ, पूजा, नाश्ता नऊला. मधेच साखर फार उतरून घाम आणि थरथर. त्यांना सांगितलं, गोळी नाश्त्यासोबतच. मान मागे टाकून तेल घोळवायचं नाही, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. गिळायचं नाही, कचऱ्याच्या डब्यात थुंकायचं. आणि नंतर ब्रश करायचाच.

"सफाईने दात हलतात" ही भीती त्यांनाही होती. हाड झिजून सैल झालेले दात कधीकधी किटणानेच जखडून धरलेले असतात. ते निघालं की आधीच झालेली झीज जाणवते, एवढंच. साखर तपासून, भूल देऊन दोन बैठकांत हिरडीखालची मुळं साफ केली. दोन दातांमधल्या जागेसाठी बारीक इंटरडेंटल ब्रश दिला.

तीन महिन्यांनी बहुतेक फटी ४ मिमीवर आल्या. एचबीए१सी ८.५. अशा सफाईने साधारण ०.४ उतरतं, बाकीचं श्रेय फिजिशियनने बदललेल्या गोळ्यांचं. ती दाढ मात्र ६ वरच अडली आहे. दोन मुळांमधलं हाड गेलंय, प्रोब आरपार जातो.