वजनकाट्यावर चढलं एकदाचं: ३५८ किलो

हौसेनं बांधत असलेलं आपलं दोन सीटांचं विमान. रंग झालेला, इंजिनात तेल पूर्ण, टाक्यांत फक्त वापरता न येणारं तळाचं इंधन, अशा अवस्थेत तिन्ही चाकांखाली काटे लावले. नाकाच्या चाकावर ८४, डाव्यावर १३६, उजव्यावर १३८. एम्प्टी वेट, म्हणजे रिकाम्या विमानाचं वजन, ३५८ किलो. आराखड्यात ३४५ धरलंय.

वजन करणार असाल तर हँगरची दारं बंद ठेवा, पंखावरून गेलेली झुळूकसुद्धा आकडा हलवते. ब्रेक मोकळे हवेत, नाहीतर चाकं काट्यांवर आडवा ताण देतात. डावा-उजवा काटा अदलाबदल करून वजन परत घेतलं. कॅनॉपीच्या (कॉकपिटवरच्या पारदर्शक छताच्या) रुळावर पाणसळ ठेवून, नाकाच्या टायरमधली हवा कमी करत विमान पातळीत आणलं. चाकांची अंतरं ड्रॉइंगवरून न उचलता ओळंबे सोडून जमिनीवर खुणा केल्या आणि टेपनं मोजली. डेटम, म्हणजे जिथून सगळी अंतरं मोजायची ती जागा, पंखाची पुढची कड: नाकाचं चाक ७८० मिमी पुढे, मुख्य चाकं ५२० मिमी मागे.

मोमेंटची (वजन गुणिले डेटमपासूनचं अंतर, पुढचं अंतर उणे) बेरीज ७६,९६०, भागिले ३५८, म्हणजे रिकाम्या विमानाचा सीजी (गुरुत्वमध्य) डेटमच्या मागे २१५ मिमीवर. उडताना तो २६० ते ३९० मध्ये हवा. प्रत्येकी ८५ किलोची दोन माणसं (आर्म, म्हणजे डेटमपासूनचं अंतर, ५६०) आणि १०० लिटर पेट्रोल, म्हणजे ०.७२ च्या घनतेनं ७२ किलो (आर्म ३००), असं धरलं की सीजी ३२३ वर येतो. छान, मधोमध. पण वजन बरोबर ६०० होतं, आणि ६०० हेच ग्रॉस वेट, म्हणजे उडताना चालणारं कमाल वजन. सामानाला एक किलोही उरत नाही. टाकी १२० लिटरची आहे, तेव्हा दोन्ही सीटा आणि भरलेली टाकी एकदम जमणार नाही.

वरचे १३ किलो कुठे गेले याची वही आहे. रंग आणि त्याखालचं पुटिंग सगळ्यात मोठं, मग सीटच्या गाद्या, ध्वनिरोधक अस्तर, दुसरा डिस्प्ले आणि त्याची वायर. प्रत्येक वस्तू बसवताना वजन लिहून ठेवलं की हा हिशोब दहा मिनिटांत लागतो.

आता मूळ प्रश्न: सामानासाठी ग्रॉस वेटच वाढवायचं का? काही देशांत हौशी बांधणाऱ्याला ग्रॉस वेट स्वतः ठरवता येतं. कागदावर ६३० लिहिलं की झालं, असा सल्ला हमखास मिळतो. मी ते करणार नाही. पंख ६०० किलोला ४ जी साठी (वजनाच्या चौपट भारासाठी) काढलेत, म्हणजे २४०० किलोचा भार, आणि त्यावर दीडपट अल्टिमेट, म्हणजे मोडण्याआधी झेपायला हवा तो भार. ६३० ला तोच पंख ३.८ जी देतो. ती दीडपट राखीव ताकद पत्र्यातल्या, रिव्हेटमधल्या आणि कारागिरीतल्या फरकासाठी आहे, ती प्रवाशाच्या बॅगेला वाटून टाकायची नाही. शिवाय वाढीव वजन पंखातल्या टाकीत नाही, केबिनमध्ये बसतं. पंखातलं इंधन लिफ्टच्या विरुद्ध खाली ओढून मुळाशी येणारा वाक कमी करतं, केबिनमधलं वजन तो वाढवतं. म्हणून दोन जाड माणसं आणि जवळजवळ रिकामी टाकी ही पंखाच्या मुळाला सगळ्यात कठीण स्थिती.

उलट बाजूही लक्षात असू द्या, ही बऱ्याच जणांकडून सुटते. हलक्या विमानाचा मॅन्यूव्हरिंग स्पीड (व्हीए: या वेगापर्यंत पंखावर मर्यादेपलीकडे भार येण्याआधी विमान स्टॉल होतं) कमी होतो, कारण स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाही तो वेग, वजनाच्या वर्गमूळाप्रमाणे उतरतो. आपल्या विमानाचा ६०० किलोला स्टॉल ताशी ७२ किमी, म्हणून ४ जी ला व्हीए त्याच्या ४ च्या वर्गमूळाइतका पट, म्हणजे दुप्पट, १४४. एकटा हलका पायलट आणि थोडं इंधन, एकूण ४३२ किलो, तर व्हीए १२२. खडबडीत हवेत रिकाम्या विमानानंच वेग आधी कमी करायचा. पॅनेलवर दोन्ही आकडे लावतोय.

तीच ४३२ किलोची स्थिती सीजीच्या पुढच्या मर्यादेलाही चिकटते: ६० किलोचा पायलट, २० लिटर पेट्रोल, सीजी २६६. मर्यादेत आहे, पण उतरताना फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलायला) एलिव्हेटर (शेपटीवरची हलणारी आडवी पट्टी) पुरेल का याची चाचणी सावकाश, लांब धावपट्टीवरच घेणार. फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरची) शिशाची बॅटरी काढून लिथियम आयर्न फॉस्फेट बसवली तर ४ किलो कमी होतात, तेही डेटमच्या ३५० मिमी पुढचे. एम्प्टी वेट ३५४, रिकामा सीजी २२१, आणि हलक्या पायलटची स्थिती २७१ वर. चार्जिंगचा रेग्युलेटर त्या बॅटरीला चालणारा असला पाहिजे, ते आधी तपासतोय.

ध्वनिरोधक अस्तरही मागच्या भागातून काढणार, पण ते मागे असल्यामुळे सीजी पुन्हा थोडा पुढे सरकेल. म्हणून आधी बॅटरी, मग अस्तर, आणि त्यानंतर तिन्ही काट्यांवर परत वजन. सामानाच्या कप्प्यावरची पाटी तोवर कोरी.