टीबीच्या गोळ्या आणि सीबीसीचा रिपोर्ट

मी शहाद्याला एका लॅबमध्ये काम करतो. टीबीचा पेशंट सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात घेतला की हमखास विचारतो, "भाऊ, रगत कमी शे, गोया बंद करी देऊ का?" नाही हो, अजिबात नाही, आणि काउंटरवर घाईत हे नीट सांगता येत नाही म्हणून इथे लिहितोय.

सुरुवातीला एचबी (हिमोग्लोबिन) कमी असतं ते बहुतेक वेळा टीबीमुळेच. आजार अंगात मुरला की लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त सोडतं, मग अंगातलं लोह असेल तिथेच अडकून बसतं, रक्त बनायला मिळतच नाही. मागे केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या एक ताई आल्या होत्या, एचबी आठच्या आसपास, स्लाईडवर लाल पेशी बारीक, फिकट आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) जिकडेतिकडे, मशीनवर साडेपाच लाखांच्या वर. नॉर्मल दीड ते साडेचार लाख. घरच्यांना वाटलं प्लेटलेट भरपूर म्हणजे चांगलंच, पण टीबीत त्या वाढतात त्या आतल्या सुजेमुळे. दोन महिने गोळ्या झाल्यावर एचबी दहाच्या पुढे आणि प्लेटलेट तीन लाखांवर, आता त्या उतरल्या म्हणून परत काळजी! अहो, औषध लागू पडतंय म्हणून उतरल्या.

गोळ्यांनी पेशींना काहीच होत नाही असंही नाही. आयसोनियाझिड या टीबीच्या औषधाने बी6 व्हिटॅमिन कमी पडतं, हातापायाला मुंग्या येतात आणि क्वचित रक्त बनणंही अडतं, म्हणून सोबत ती बी6 ची छोटी गोळी देतात, ती टाकून देऊ नका. रेझिस्टंट टीबीत, म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या टीबीत, लिनेझोलिड नावाचं औषध असतं, त्याने बोनमॅरो (हाडातला मगज, जिथे रक्त बनतं) दबू शकतो, तिथे सीबीसी परत परत करायला सांगतात ते पैसे काढायला नाही.

मला खरी भीती वाटते ती मधेच बंद करून परत सुरू करणाऱ्यांची. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाने लघवी केशरी होते तो औषधाचा रंग आहे, त्याला घाबरू नका, पण काहींच्या अंगात या औषधामुळे अँटीबॉडी तयार होतात, खंड पडून गोळी परत चालू झाली की त्या प्लेटलेटवर तुटून पडतात आणि काउंट एकदम खाली येतो. असं क्वचितच होतं, पण अंगावर लाल-जांभळे ठिपके आले, हिरड्यातून नाहीतर नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, पुढची गोळी त्यांना विचारूनच, आणि एकदा असं झालं असेल तर ते औषध पुन्हा कधीच मनाने घेऊ नका.

आपल्याकडे दिवाळी झाली की किती घरं ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे निघतात आणि खंड पडतो तो तिथेच. निघायच्या आधी टीबीवाल्या ताई-भाऊंना सांगा, निक्षयवर (टीबी पेशंटची नोंद ठेवणारं सरकारी पोर्टल) नाव तिकडे ट्रान्सफर होतं, गोळ्या तिथल्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. कार्ड आणि जुना सीबीसी सोबत ठेवा, म्हणजे तिकडच्या डॉक्टरला आधीचा काउंट कळेल.