लॅक्टेट चढत होते

आठ महिन्यांची ती मुलगी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून आमच्याकडे आली होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आले असताना, रडताना तिचे ओठ निळे पडतात हे पथकातल्या डॉक्टरांनी हेरले आणि पुढे इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, निदान झाले. तिला टेट्रालॉजी ऑफ फॅलो होता, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद. वजन साडेसहा किलो. शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे पार पडली. छिद्रावर पॅच बसला, वाटेत आडवे येणारे स्नायू कापून काढले गेले आणि दुपारी दोनच्या सुमारास ती मुलांच्या कार्डिॲक आयसीयूत आली. तिथून पुढची जबाबदारी माझी होती.

आल्यावर तिचे लॅक्टेट २.८ होते. पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या तो न वापरता ऊर्जा तयार करतात आणि रक्तात लॅक्टेट साठू लागते. शस्त्रक्रियेदरम्यान हृदय आणि फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर गेलेल्या बाळात सुरुवातीला ते थोडे वाढलेले असतेच, त्यामुळे या पहिल्या आकड्याची मला फारशी काळजी वाटली नाही. दोन तासांनी ते २.४ झाले. छातीत साठणारे रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतून, म्हणजे ड्रेनमधून, येणारे रक्तही हळूहळू कमी होत थांबले. रक्तस्राव आटोक्यात आला म्हणून सगळ्यांनाच हायसे वाटले.

पाच वाजता लॅक्टेट ३.२ आले आणि सहा वाजता ४.३.

मॉनिटरकडे पाहिले तर कोणीही निश्चिंत झाले असते. धमनीतला प्राणवायू ९९ टक्के होता आणि रक्तदाब वयाच्या मानाने चांगला होता. पण लहान मुलाचे शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब शेवटपर्यंत धरून ठेवते. तो पडेपर्यंत थांबले तर हातात फार थोडा वेळ उरतो. म्हणून अशा वेळी एकट्या आकड्यापेक्षा त्याच्या चढण्याचा वेग मी अधिक मानते. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००० साली नवजात बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचे लॅक्टेट ताशी ०.७५ मिलिमोल किंवा त्याहून वेगाने वाढत राहते, त्यांचा धोका मोठा असतो, असे त्यात दिसले होते. आमची मुलगी नवजात नव्हती, तरी तिची चढण त्याहून उभी होती.

अडचण अशी, की लॅक्टेट संकट आहे एवढेच सांगते, ते कुठे आहे हे सांगत नाही. हृदयाला जोर देण्यासाठी तिला ॲड्रेनालिन चालू होते आणि त्या औषधानेच लॅक्टेट वाढू शकते. त्यात साखरही सोबत वाढते, पण हृदयाचे काम बिघडलेले नसते. तसे असेल तर औषध थोडे कमी करून वाट पाहणे योग्य ठरते. उलट हृदयाभोवती रक्त साकळून दाब येत असेल, तर वाट पाहणे जिवावर बेतते. मध्यवर्ती शिरेतला दाब १६ झाला होता, पण या शस्त्रक्रियेनंतर उजवा कप्पा काही काळ ताठर राहतो आणि तेवढ्यानेही तो दाब वाढतो. हृदयाच्या स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनचाही उपयोग नव्हता, कारण जिथे हृदयाचे स्नायूच कापले आहेत तिथे ते वाढलेले असणारच.

तेव्हा सिस्टरांनी मला हाक मारली. त्यांनी मुलीच्या पायावरचे पांघरूण बाजूला केले होते. तासाभरापूर्वी घोट्यापर्यंत उबदार असलेले पाय आता गुडघ्याच्या जरा खालपर्यंत गार लागत होते. तळव्यावर अंगठा दाबून सोडला, तर पांढरा पडलेला ठिपका पुन्हा गुलाबी व्हायला पाच सेकंद लागले. मध्यवर्ती शिरेतल्या रक्ताचा नमुना लावला, तर त्यातला प्राणवायू ६८ टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर आला होता. साखर मात्र फारशी वाढलेली नव्हती. म्हणजे शरीराकडे रक्तच कमी पोहोचत होते आणि ॲड्रेनालिनवर ठपका ठेवून चालणार नव्हते. मग ड्रेनकडे पुन्हा पाहिले. रक्तस्राव कमी झाला की ड्रेनमधून येणारे रक्त हळूहळू कमी होते हे खरेच, पण त्याच वेळी लॅक्टेट चढत असेल, तर रक्त थांबले नसून ड्रेन गुठळीने बुजला असण्याची शक्यता आधी धरावी लागते. सिस्टरांनी नळी पिळून पाहिली, काहीच आले नाही.

इकोमध्ये हृदयाचा पुढचा भाग दिसला. पट्ट्या, नळ्या आणि व्हेंटिलेटरने फुगलेली फुप्फुसे यांमुळे मागचा भाग धड दिसेना. इको स्वच्छ नाही म्हणून आणखी तासभर थांबावे, असा एक विचार खोलीत होता. शल्यचिकित्सकांनी कागदावरचे लॅक्टेट आणि शिरेतला प्राणवायू एकापाठोपाठ वाचले आणि म्हणाले, "उघडू या."

मी बाहेर जाऊन वडिलांना सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले होते ना? मग परत कशाला?" मी म्हणाले, "ऑपरेशन चांगलंच झालंय. पण हृदयाच्या मागे रक्त साकळल्यासारखं वाटतंय. त्याचा दाब येतोय, तो काढायला हवा." त्यांनी सहीसाठी पेन मागितले. आई भिंतीला टेकून उभी होती, तिने काही विचारले नाही.

आयसीयूतल्या बेडवरच छाती उघडली. उजव्या कर्णिकेच्या मागे, इकोला न दिसलेल्या जागी, घट्ट गुठळी होती. ती निघताच शिरेतला दाब ९ वर आला आणि नाडी भरली. त्याच वेळी शल्यचिकित्सकांनी पोटात पेरिटोनियल डायलिसिसची बारीक नळी घालून ठेवली, म्हणजे मूत्रपिंडे थकली तर पोटात द्रव सोडून आणि काढून त्यांचे काम करता येईल. पहाटेपर्यंत लॅक्टेट १.७ झाले.

एक धोका टळला, पण मूत्रपिंडांनी तेवढे तास कमी रक्तावर काढले होते. इथे नेहमीची तपासणी तोकडी पडते. मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात ते क्रिएटिनिन वाढायला एक ते तीन दिवस लागतात आणि मशीनच्या द्रवाने रक्त पातळ झालेले असेल, तर ते आणखी फसवे दिसते. सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी २००५ साली ७१ मुलांच्या अभ्यासात दाखवले, की मूत्रपिंडांना इजा झाली असेल तर एनजीएएल नावाचे प्रथिन शस्त्रक्रियेनंतर दोन तासांतच लघवीत आणि रक्तात वाढते. आमच्याकडे ही चाचणी तेव्हा उपलब्ध होती आणि तिचे रक्तातले एनजीएएल स्पष्टपणे वाढलेले आले. सकाळचे क्रिएटिनिन मात्र ०.४, म्हणजे दिसायला अगदी ठीक. आम्ही एनजीएएलला मान दिला. द्रव हात राखून दिले आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या मिलरिनोन या हृदयाच्या औषधाचा डोस लगेच कमी केला, नाहीतर ते शरीरात साठून रक्तदाब पाडते. लघवी मंदावताच ठेवलेल्या नळीतून डायलिसिस सुरू केले. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन ०.९ झाले, तोवर तिच्या अंगावरची सूज उतरू लागली होती.

तिसऱ्या दिवशी सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन, चांगलेच वाढलेले आले आणि एका तरुण सहकाऱ्याने अँटिबायोटिक बदलायचे का, असे विचारले. मशीनवर गेलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलात जंतुसंसर्ग नसतानाही सीआरपी दोन-तीन दिवस चढते. जंतुसंसर्गाचा अधिक नेमका अंदाज देणारे प्रोकॅल्सिटोनिन रोज उतरत होते आणि ताप नव्हता, म्हणून बदलले नाही.

एनजीएएल सगळीकडे मिळत नाही आणि त्याचा खर्चही आहे. पण धमनीतल्या रक्तातले वायू मोजणारे एबीजी यंत्र जिथे लहान मुलांची हृदये उघडली जातात, तिथे असतेच. रक्ताच्या काही थेंबांत ते दोन-तीन मिनिटांत लॅक्टेट सांगते. तो आकडा दर तासाला कागदावर मांडून त्याची चढण पाहण्याला यंत्रणा लागत नाही, चिकाटी लागते. नव्या चाचण्यांची मागणी मी जरूर करते, पण आधी हे नीट व्हावे, असा माझा आग्रह आहे.

मुलगी घरी गेली तेव्हा क्रिएटिनिन पुन्हा ०.३ वर होते. अशा मुलांच्या मूत्रपिंडांवर पुढेही लक्ष ठेवावे लागते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर पुढच्या प्रत्येक भेटीत इकोसोबत रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन तपासायचे, असे लिहिले आणि ताप आला तर मूत्रपिंडांना त्रास देऊ शकणारे आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय द्यायचे नाही, हे आईकडून दोनदा म्हणवून घेतले.